बाळाबाईच्या माळावर आलेली शाळा

कुंभारीच्या पुढं अक्कलकोट रस्ता सोडून डावीकडं आत वळलं की तीनेक किलोमीटरवर एक माळ लागतो. वनखात्याच्या नकाशात तो वनखात्याचा आहे, तलाठ्याच्या दप्तरात त्याचा एक तुकडा गायरान आहे, पण बोलण्यात मात्र सगळे त्याला बाळाबाईचा माळ म्हणतात. बाळाबाई सलगरचा त्यावर कागदोपत्री वीतभरही हक्क नाही. पण लग्न होऊन वाडीत आल्यापासून, म्हणजे गेली अडतीस वर्षं, ती रोज सकाळी मेंढरं घेऊन तिथं जाते आणि दिवस कलला की परत येते. आणि एवढ्या वर्षांत तिनं तिथून इतक्या जणांना हाकललंय की नाव पडलं ते पडलंच. मुरूम चोरायला आलेले ट्रॅक्टरवाले, तितरांना फासे लावणारे, बाभळीखाली बाटल्या घेऊन बसणारी पोरं, प्लॉट पाडायला जमीन बघत फिरणारे सोलापूरचे शेठ, सगळ्यांनी तिचं तोंड ऐकलेलं. एकदा लग्नाआधीचे फोटो काढायला एक नवरी आली होती, सोलापूरच्या नवी पेठेतून भाड्यानं आणलेला लांबलचक झगा घालून. बाळाबाईनं तिला असं फटकारलं की ती बिचारी झगा दोन्ही हातांनी वर धरून गाडीपर्यंत पळत गेली.

त्यामुळं वाडीत तिच्याशी हौसेनं बोलायला कुणी जात नसे. तिलाही त्याचं काही वाटत नसे. नवरा सिद्राम नऊ वर्षांपूर्वी वारला होता, एकुलती लेक टेंभुर्णीला दिलेली. धाकटा दीर शिवप्पा आणि त्याची बायको नागव्वा शेजारच्याच दोन खोल्यांत राहायचे. अंगण एक, चुली दोन, आणि मेंढरांचं वाडगं मात्र एकच. तिची आणि शिवप्पाची मेंढरं एकत्रच चरायची, एकत्रच कोंडली जायची. माळावर न्यायचं काम तिचं, बाजाराचं काम त्याचं. दोघांचं फारसं पटत नव्हतं, पण कामं वाटून घेतल्यामुळं चाललं होतं.

माळाच्या उतरणीला एक कोरडा ओढा आहे. त्याच्या काठावर हिवराचं जुनं झाड आहे, आणि झाडाच्या मुळांखाली एक बीळ. थंडीत तिथं लांडगी वीत असे. दरवर्षी नाही, पण दोन-तीन वर्षांतून एकदा नक्की. हे वाडीत एकट्या बाळाबाईला ठाऊक होतं, आणि तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं.

लांडगीवर तिची माया होती असं कुणी समजू नये. लांडग्यानं तिची कितीतरी कोकरं नेली होती आणि प्रत्येक कोकरामागं तिनं त्याला पोटभर शिव्या घातल्या होत्या. कारण वेगळं होतं. लग्नानंतरच्या चौथ्या वर्षी सिद्राम आणि शिवप्पानं मिळून दुसऱ्या एका घळीतल्या बिळात धूर करून पिल्लं मारली होती. पाच पिल्लं बाहेर काढली आणि माळावर फेकली. त्यानंतर पंधरा दिवसांत वाडग्यात लांडगे शिरले आणि एका फेरीत सतरा मेंढरं मारून टाकली. खाल्ली एकच, बाकीची नुसती गळा फोडून टाकलेली. बाळाबाई तेव्हा पोटुशी होती. तिनं ती सतरा मेंढरं स्वतः ओढून एका जागी आणली होती. तेव्हापासून तिच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला. हितली लांडगी हितं राहू द्यायची. ती वर्षाला चार कोकरं नेते, पण परक्या टोळीला माळावर पाय ठेवू देत नाही. तिला मारलं की माळ मोकळा पडतो आणि मग कुठून कुठून येतात.

हा हिशेब तिनं शिवप्पाला एकदा सांगून पाहिला होता. तो हसला होता. मग तिनं बिळाचा पत्ता कायमचा पोटात ठेवला.

संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी, गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे सोलापुरात उभे राहत होते त्या सुमाराला, माळावर पिवळी बस आली. बसमधून चाळीसेक मुलं उतरली, सगळ्यांच्या डोक्यावर निळ्या टोप्या, गळ्यात पाण्याच्या बाटल्या, हातात पॅडला लावलेला कागद. शहरातल्या एका इंग्रजी शाळेची चौथी होती ती. बरोबर दोन मावश्या आणि एक शिक्षिका, महेश्वरी मॅडम. तिशीच्या आतबाहेरच्या, पायात बूट, गळ्यात शिट्टी, बोलणं खणखणीत. परिसर अभ्यासातला धडा होता, सजीव आणि त्यांची राहण्याची ठिकाणं. वर्गात भिंतीवरची चित्रं दाखवून कंटाळा आला म्हणून मॅडमनी मुख्याध्यापकांच्या मागं लागून ही सहल काढली होती. शाळेत असं काही करणाऱ्या त्या एकट्याच.

बाळाबाई मेंढरं घेऊन शंभर पावलांवर होती. तिनं आधी काही म्हटलं नाही. पोरं आहेत, दोन घटका नाचतील आणि जातील, असं तिला वाटलं. पण मॅडमचा आवाज माळावर लांबवर ऐकू येत होता.

"मुलांनो, ही पडीक जमीन आहे. इथं मोठी झाडं नाहीत, पाणी नाही. म्हणून इथं जंगलासारखे खूप प्राणी राहत नाहीत. तरीसुद्धा आपल्याला काय काय सापडतं, ते शोधायचंय. एका ओळीत एक सजीव आणि समोर त्याचं घर."

पडीक हा शब्द बाळाबाईला झोंबला. तिच्या पायापासून दहा हातांवर चंडोलाचं घरटं होतं, पलीकडच्या तरवडाखाली सशाची बसायची जागा होती, आणि दूरदेशाहून थंडीपुरता आलेला भोवत्या पक्षी गवतावरून खाली खाली उडत होता. तिनं काठी आपटली आणि मेंढरं पुढं हाकली.

त्याच वेळी मेंढरांकडं बोट करून मॅडम म्हणाल्या, "आणि हे बघा, शेळ्यामेंढ्यांनी चरून चरून गवत संपतं. त्यामुळं वन्यप्राण्यांचं घर नष्ट होतं. लिहून घ्या."

चाळीस माना तिच्याकडं वळल्या आणि पुन्हा कागदावर वाकल्या. आपल्याकडं बघून काहीतरी वाईट लिहिलं जातंय, हे बाळाबाईला कळलं. ती तोंड उघडणार, एवढ्यात मुलांचा एक घोळका शोधत शोधत ओढ्याकडं उतरलेला तिला दिसला.

ती धावली. अठ्ठावन्न वर्षांची बाई, पायात टायरच्या चपला, हातात काठी. पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. हिवराखाली मुलांनी गर्दी केली होती. कुणाला हाडं सापडली होती, कुणाला लोकरीचा पुंजका. पायल नावाची एक बारकी मुलगी पोटावर आडवी पडून बिळात बघत होती. "मॅडम, आत कुणीतरी कुईकुई करतंय," असं तिनं सांगितलं होतं आणि मॅडम मोबाईलचा दिवा लावून, हात आत घालून फोटो काढत होत्या.

"काढ हात भाईर," बाळाबाई ओरडली. "चला, निघा हितनं. निघा म्हंते न्हवं."

"आजी, थांबा जरा. मुलं घाबरतील."

"तुजी आजी न्हाय मी. पोरं घी आन बसमदी बस."

"ही सरकारी जागा आहे. आम्हाला इथं यायचा हक्क आहे."

बाळाबाईनं ओढ्यातला एक दगड उचलला. मारायला नव्हे, मेंढराच्या वाटेत टाकतात तसा टाकायला. पण मुलांना काय कळणार. दोघी-तिघी रडायला लागल्या. मॅडमनी शिट्टी वाजवून मुलं गोळा केली आणि जाता जाता एका मावशीला कन्नडमध्ये हळूच म्हणाल्या, "हुच्च मुदुकी." वेडी म्हातारी.

"ननगू कन्नड बर्तद," बाळाबाई मागून म्हणाली. मलाही कन्नड येतं. मग मराठीत, "पुन्ना हितं दिसलीस तर बगीन तुला."

मॅडमचा चेहरा पडला, पण त्या वळल्या नाहीत. बस धूळ उडवत गेली.

बाळाबाईचं चुकलं ते एवढंच, असं तिला पुढं कित्येक दिवस वाटत राहिलं, की ती नुसती ओरडली. का ओरडते आहे ते तिनं सांगितलं नाही.

बसमध्ये बसल्यावर मॅडमनी पालकांच्या ग्रुपवर फोटो टाकले. गवतातली मुलं, हाडं बघणारी मुलं, आणि शेवटी बिळाच्या अंधारात चमकणारे चार डोळे. खाली लिहिलं, 'आमच्या चिमुकल्यांनी शोधली लांडग्याची पिल्लं.' पालकांना काळजी नको म्हणून सकाळीच त्यांनी माळाचं लोकेशन ग्रुपवर पाठवलं होतं, ते फोटोच्या वरच होतं. पालकांपैकी एकाचं दुधाचं संकलन केंद्र होतं. त्याच्याकडून ते कुंभारीच्या दूधवाल्यांच्या ग्रुपवर गेलं. दिवेलागणीला शिवप्पा अंगणात उभा राहून मोबाईल पुढं धरत होता.

"वैनी, हे आपल्या वड्याकाठचं हिवार न्हवं का?"

बाळाबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "आसंल. मला काय म्हाईत."

"तू रोज तितं आसतीस. तुला म्हाईत न्हाय?"

"न्हाय."

शिवप्पा तिच्याकडं बघत उभा राहिला. "दिवाळीपास्नं माजी तीन कोकरं गेली. तू म्हनलीस, कुत्र्यानं नेली." तो एवढंच बोलला आणि बाहेर पडला. थोड्या वेळानं त्याच्या दारात मोटारसायकली लागलेल्या तिनं पाहिल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत बाळाबाई माळावर होती. मेंढरं तिनं वाडग्यातच ठेवली होती. तिला एक आशा होती. माणसाचा वास लागला की लांडगी पिल्लं हलवते, एकेक करून तोंडात धरून नेते. मॅडमनं हात आत घातला तेव्हाच लांडगीनं हलायचं ठरवलं असणार.

आणि तसंच झालं होतं. ओढ्याच्या वाळूत ताज्या पावलांच्या दोन रांगा होत्या, पलीकडच्या घळीकडं गेलेल्या आणि परत आलेल्या. बाळाबाई तरवडाआड बसली. उजेड फुटता फुटता तिला लांडगी दिसली. अंगानं खंगलेली, पाठीवरचे केस करडे, आणि तोंडात एक लोंबणारं पिल्लू. ती ओढा ओलांडून वर चढली आणि गवतात दिसेनाशी झाली. आठवड्यापूर्वी बाळाबाईनं बिळाबाहेर खेळताना चार पिल्लं मोजली होती. ती बिळापाशी गेली आणि कान देऊन ऐकलं. आत अजून आवाज होता. एक नव्हे, दोन.

ती पुन्हा आडोशाला आली. लांडगी परत येऊन माळाच्या धारेवर उभी राहिली, तेवढ्यात वाडीच्या बाजूनं मोटारसायकलींचा आवाज आला. लांडगी मागं वळली.

शिवप्पाबरोबर चौघं होते. कडब्याच्या पेंढ्या, डिझेलचा डबा, एका पिशवीत लाल मिरच्या. बाळाबाई जाऊन बिळाच्या तोंडाशी बसली.

"वैनी, उट."

"तासभर थांब," ती म्हणाली. "दोन नेली तिनं. दोन ऱ्हायलीत. तासाभरात तिची ती घिऊन जाईल. मग बीळ बुजव, न्हायतर जाळ, मी आडवी यायची न्हाय."

"आन तिकडं नेऊन वाडवील ती. मग तितंबी तू जाऊन बसशील."

"शिवप्पा, ती सतरा मेंढरं इसरलास व्हय?"

"तवा आमी आईला सोडली, ते चुकलं. औंदा तिलाबी बगतो."

"मी तुला कदी काय मागितलं न्हाय. ह्यो एक तास दे."

शिवप्पानं चौघांकडं पाहिलं. त्यांच्यासमोर वहिनीचं ऐकून गप बसणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, "तुज्या पोटात ही गोष्ट किती वर्सं हाय, ते सांग आदी. माजी कोकरं जात हुती आन तू गप ऱ्हात हुतीस." दोघांनी तिला दंडाला धरून उठवलं आणि बाजूला नेलं. मारलं नाही, ढकललंही नाही. पण तिला धरून ठेवलं, आणि ते तिला माराहून जास्त लागलं. नवऱ्याच्या मागं नऊ वर्षं तिच्या अंगाला कुणी हात लावला नव्हता.

मिरचीच्या धुराला फार वेळ लागत नाही. पाव तासानं शिवप्पानं काठीनं दोन पिल्लं बाहेर ओढली. एक मेलेलं होतं, दुसरं थोड्या वेळानं मेलं. एकानं त्यांचे पाय धरून फोटो काढला. लांडगीचा त्यांनी दुपारपर्यंत शोध घेतला, ती मिळाली नाही.

तो फोटो शिवप्पाबरोबरच्या एकानं स्टेटसला ठेवला, तिथून तो मुळात कुणाचा ते न कळता सगळीकडं फिरला, आणि त्यामुळं चौथ्या दिवशी वाडीत वनखात्याची गाडी आली. पण ते शिवप्पाकडं गेले नाहीत. वनरक्षक थेट बाळाबाईच्या दारात आला. "साहेबांनी बोलावलंय."

सोलापुरातल्या वनखात्याच्या ऑफिसात पंख्याखाली महेश्वरी मॅडम आधीच बसल्या होत्या. साहेबांच्या टेबलावर शाळेचं पत्र होतं. प्रकरण अंगाशी येईल म्हणून शाळेनं घाईनं ते दिलं होतं आणि खाली मॅडमची सही होती. साहेबांनी ते वाचून दाखवलं. सहलीच्या वेळी एका मेंढपाळ महिलेनं मुलांवर दगड उगारला, पुन्हा इथं दिसलात तर बघून घेईन अशी धमकी दिली, आणि पिल्लांच्या मृत्यूशी तिचा संबंध असावा असा आमचा संशय आहे.

"तुम्ही दगड उचलला होता?" साहेबांनी विचारलं.

"उचलला."

"धमकी दिली?"

"दिली."

"मग पिल्लं कुणी मारली?"

बाळाबाईनं मॅडमकडं पाहिलं. मॅडम टेबलाच्या कडेकडं बघत होत्या. इथं खोटं बोललं तर काय होईल आणि खरं बोललं तर काय होईल, हे सगळं तिनं गाडीत बसल्या बसल्या मनात फिरवून झालं होतं. अंगण डोळ्यांसमोर आलं, नागव्वा आली, आणि दंडाला धरलेले हातही आले.

"लिवून घ्या," ती म्हणाली. "जाळ लावला माज्या दिरानं, शिवप्पा सलगरनं. संगट चौघं हुते, त्यांची नावं सांगते. आन त्यास्नी वाट दावली ह्या बाईनं. दोगांचीबी नावं लिवा. एकाचंच लिवायचं आसंल, तर मी आंगटा देत न्हाय."

"मी कुणाला वाट दाखवली?" मॅडम पहिल्यांदाच बोलल्या.

"मोबाईल काड तुजा."

साहेबांनी हात पुढं केला. मॅडमनी मोबाईल दिला. साहेब बराच वेळ बोट फिरवत होते. लोकेशन, फोटो, त्याखाली पालकांचे टाळ्यांचे आणि बदामाचे शिक्के. त्यांनी मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "मॅडम, बिळाचे फोटो असे टाकायचे नसतात. हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं, सर. खरंच नव्हतं."

"मग शिकीवतीस काय?" बाळाबाईनं विचारलं.

मॅडमनी पत्र मागून घेतलं आणि शेवटच्या वाक्यावर काट मारून पुन्हा सही केली. बाळाबाईला त्याचं काही वाटलं नाही. ती एसटीनं वाडीत परत आली.

शिवप्पा आणि ते चौघं सहा दिवस कोठडीत होते. मग जामीन झाला. तो घरी आला त्याच दिवशी त्यानं वाडगं दोन भागांत केलं, मधे काटेरी कुंपण घातलं, आणि आपली मेंढरं पलीकडं घेतली. नागव्वानं अंगणातल्या नळाला कुलूप लावलं, कारण कनेक्शन तिच्या नवऱ्याच्या नावावर होतं. वाडीत बाळाबाई दिसली की बायका बोलणं थांबवत. घरातला माणूस आत घालणारी बाई, एवढंच आता तिच्याबद्दल बोललं जात होतं. टेंभुर्णीहून लेकीचा फोन आला. "आई, लांडग्यापायी दिराला आत घातलंस व्हय? माज्या सासरी मला तोंड दावाय जागा ऱ्हायली न्हाय." बाळाबाईनं फोन ठेवून दिला. पाणी ती अर्ध्या मैलावरच्या हापशावरून आणायला लागली.

फेब्रुवारी सरता सरता एका दुपारी माळावर स्कूटी आली. मॅडम एकट्याच होत्या. बाळाबाईनं ओळखलं आणि पाठ फिरवली. मॅडम तिच्यापासून दहा पावलांवर उभ्या राहिल्या.

"मी माफी मागायला आले नाही," त्या म्हणाल्या. "मागितली तरी तुम्ही देणार नाही."

"मग कशाला आलीस?"

"मुलं रोज विचारतात. पिल्लं केवढी झाली, आता काय खातात, पळायला लागली का. त्यांनी वर्गात लांडग्याच्या कुटुंबाचा तक्ता लावलाय. मी त्यांना सांगितलं, आई त्यांना दुसरीकडं घेऊन गेली."

"लबाड बोललीस."

"दोन तर नेलीच की तिनं."

"आन दोन?"

मॅडम म्हणाल्या, "चौथीतली मुलं आहेत ती. नऊ वर्षांची."

"मेली ती म्हैन्याचीबी नव्हती. त्यास्नी हितं घिऊन ये. तुला सांगाय जमत न्हाय तर मी सांगते."

"शाळा परवानगी देणार नाही."

"ते तू बग."

शाळेनं परवानगी दिली नाही. सहलींचं नाव काढायचं नाही असं मुख्याध्यापकांनी लेखी दिलं होतं. मॅडमनी पालकांना एकेक करून फोन केले. बहुतेकांनी नकार दिला, दोघांनी शाळेत तक्रार केली, आणि अकरा जण हो म्हणाले. एका रविवारी सकाळी स्वतःच्या जबाबदारीवर त्या दोन रिक्षांतून अकरा मुलं घेऊन आल्या.

बाळाबाईनं त्यांना रस्त्यावरच थांबवलं. "मोबाईल रिक्षात ठिवा. एकामागं एक चालायचं, माज्या पावलावर पाऊल. वाकडं पाऊल टाकलं, तर मागं हाकलीन." तिनं मॅडमकडं बघितलंही नाही. वाटेत एके ठिकाणी ती थांबली आणि काठीनं जमिनीकडं दाखवलं. मुलांना तिथं खडेच दिसत होते. बऱ्याच वेळानं एकाला कळलं की त्यातले तीन खडे ही टिटवीची अंडी आहेत. "मागल्या बारीला तुमी चाळीस जन ह्या जाग्यावरनं पळाला," ती म्हणाली. "औंदाची ही हितली पयली अंडी. तवा आसती तर चुरा झाला आसता."

हिवराखाली बीळ ढासळलेलं होतं. मुळांवर काजळी होती. मुलं उभी राहिली आणि बाळाबाईनं सांगायला सुरुवात केली. तिला गोष्ट गोड करता येत नव्हती आणि करायचीही नव्हती. लांडगी काय खाते, पिल्लांच्या तोंडात ते कसं ओकते, तिची कोकरं कशी नेते, तिनं ती लांडगी का सांभाळली. मग फोटो, मग मोटारसायकली, मग मिरचीचा धूर. किती वेळ लागला तेही तिनं सांगितलं. शिवप्पाचं नाव मात्र घेतलं नाही, 'वाडीतली मानसं' एवढंच म्हणाली. दोन मुलं रडली. मॅडमनी त्यांना जवळ घ्यायला हात पुढं केला आणि मग मागं घेतला.

"म्हणजे आम्ही बघितलं म्हणून मेली?" एका मुलीनं विचारलं.

"तुमी बगितलं म्हनून न्हाय. तुमच्या मॅडमनं जगाला दावलं म्हनून."

पायल इतका वेळ बिळाच्या काठावर उकिडवी बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, "पण तुम्ही आम्हाला नुसतं हाकललं. आत पिल्लं आहेत, कुणाला सांगू नका, असं सांगायचं ना. आम्ही नसतं सांगितलं."

बाळाबाईच्या कपाळाला आठ्या पडल्या. अशा तोंडानं तिच्याशी मोठी माणसंही बोलत नसत. "सांगितलं आसतं, तर घरी जाऊन आईला सांगितलं नसतंस?"

पायलनं विचार केला. "आईला सांगितलं असतं," ती म्हणाली.

"मग."

"पण तुम्ही सांगायला पाहिजे होतं."

बाळाबाईनं काठीच्या टोकानं मुळावरची काजळी खरवडली. शेवटी ती "चला, ऊन झालं," एवढंच म्हणाली आणि रस्त्याकडं चालू लागली.

रिक्षात बसताना मॅडम म्हणाल्या, "येते मी."

"नगं येऊ," बाळाबाई म्हणाली. "पोरास्नी पाठीव."

तसं काही घडलं नाही. दोन पालकांच्या तक्रारीचं निमित्त करून शाळेनं जूनमध्ये मॅडमना कामावरून कमी केलं. आता त्या शहरातच एका शिकवणी वर्गात गणित शिकवतात, असं एका रिक्षावाल्याकडून बाळाबाईला कळलं. कळलं तेव्हा ती मेंढराच्या पायातला काटा काढत होती. तिनं काटा काढला आणि मेंढरू सोडून दिलं.

त्या रविवारी रिक्षा गेल्यावर ती माळावर परतली, तेव्हा बांधावर शिवप्पा उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. जामिनावर सुटल्यापासून तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"आता शाळाबी काडलीस व्हय?" तो म्हणाला.

"व्हय."

"माजं नाव सांगितलंस पोरास्नी?"

"न्हाय." तिनं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "पुडच्या बारीला सांगीन."

शिवप्पा खाली थुंकला आणि आपली मेंढरं वळवून ओढ्यापलीकडं घेऊन गेला. बाळाबाईनं आपली अलीकडं ठेवली.